मानसिक आजाराचं आत्मकथन लिहिताना: केसपेपर, आठवणी, औषधं आणि घरची माणसं

तळटीप (धागाकर्ती)

नैराश्य, बायपोलर (मूडची टोकाची चढउतार), स्किझोफ्रेनिया, ओसीडी (मंत्रचळ) यांच्यासोबत जगणारी माणसं आता मोकळेपणी लिहू लागली आहेत. अशा हस्तलिखितांत एक गोष्ट हमखास दिसते. आजार उसळला ते पंधरा-वीस दिवस ऐंशी पानं खातात, आणि त्यानंतरची आठ वर्षं 'हळूहळू सावरत गेलो' एवढ्या एका वाक्यात आटोपतात. आजारासोबत जगणं असतं ते या आठ वर्षांत. पण तिथे लिहायला काही हाताशी नसतं, कारण त्या काळाचे कागदच कोणी जमवलेले नसतात. म्हणून हा धागा कच्च्या मालापासून सुरू करते.

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी हे जमवा: डिस्चार्ज समरी, डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिलं, रजेचे अर्ज, बँकेचं स्टेटमेंट, फोनमधले मेसेज आणि ईमेल. बँकेचं स्टेटमेंट आणि मेसेज यांना कमी लेखू नका. मेनियाच्या (बायपोलरमधल्या उसळत्या मूडच्या) काळातलं बँक स्टेटमेंट कुठल्याही वर्णनापेक्षा बोलकं असतं: कुठे, किती वाजता, किती रकमा गेल्या. मेसेजच्या वेळा झोपेचा तक्ता देतात. रात्री १.१०, ३.४०, ५.०५, आणि पुन्हा सकाळी ६.३०, असं सलग चार रात्री दिसलं की 'मला झोप लागत नव्हती' हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही.

रुग्णालयात राहणं झालं असेल तर फक्त डिस्चार्ज समरीवर थांबू नका, पूर्ण केसपेपर मागा. समरीत निष्कर्ष असतात, माणूस असतो तो नर्सच्या रोजच्या नोंदींत: जेवला, जेवला नाही, रात्री दोनदा उठून दाराशी गेला, आंघोळीला नकार दिला. अमेरिकन लेखिका सुझाना केसन यांनी डिस्चार्जनंतर कितीतरी वर्षांनी वकिलामार्फत आपली फाइल मिळवली आणि 'गर्ल, इंटरप्टेड' (१९९३) मध्ये तिची काही पानं जशीच्या तशी छापली. एकीकडे त्यांचं कथन, दुसरीकडे रुग्णालयाची कोरडी भाषा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर जे दिसतं ते एकट्या कथनातून दिसलं नसतं.

मग एक तक्ता करा. चार रकाने: तारीख, मला काय आठवतं, कागद काय सांगतो, घरचे काय सांगतात. नियम एकच: एका रकान्यातलं दुसऱ्यात ढकलायचं नाही. आठवणीत 'महिनाभर वॉर्डात' आणि कागदावर ११ दिवस असतील तर दोन्ही तसेच राहू द्यात. झोपेची औषधं आणि एकसारखे दिवस यांनी वेळ ताणला जातो किंवा गडप होतो. ती तफावत हीच तुमची सामग्री आहे. ती पुसून ११ दिवसांचं नीटनेटकं वर्णन लिहिलंत तर पुस्तक अचूक होईल आणि निर्जीवही.

---

मंद्रसप्तक

वाचनखूण साठवली. तक्त्याच्या दुसऱ्या रकान्याबद्दल थोडं. 'आठवत नाही' हे सगळीकडे एकाच कारणाने होत नाही, आणि कारण कळलं तर त्या रिकाम्या जागेचं काय करायचं तेही कळतं.

नैराश्यात आठवणी जातात असं नाही, त्या ढोबळ होतात. विल्यम्स आणि ब्रॉडबेंट या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हे आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांत दाखवलं, पुढे नैराश्यातही ते दिसलं: एखादा विशिष्ट प्रसंग सांगा म्हटलं की 'मी नेहमी चुकायचो', 'सुट्ट्या नेहमी वाईट जायच्या' अशी घाऊक उत्तरं येतात. नैराश्यात लिहिलेले मसुदेही असेच असतात. 'नेहमी', 'कधीच', 'सगळे', 'कोणीही' या चार शब्दांखाली लाल पेन्सिलने रेघ ओढा. ज्या पानावर पाच-सहा रेघा, ते पान अजून लिहायचं आहे. तिथे एकच दिवस शोधायचा, शक्यतो तक्त्यात तारीख असलेला.

शिवाय मूड खाली असताना मन वाईट आठवणीच आधी पुढे करतं. म्हणून प्रत्येक मसुद्याच्या डोक्यावर त्या दिवशीचा मूड ० ते १० मध्ये लिहून ठेवा. तेच प्रकरण दोन महिन्यांनी, मूड वेगळा असताना, पहिलं न बघता पुन्हा लिहा. दोन्हींत टिकलेलं ते बहुधा ठेवण्याजोगं.

लोराझेपामसारख्या, मन शांत करणाऱ्या गोळ्यांचं वेगळं आहे. गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांची आठवण मुळात साठतच नाही. ती उकरून निघणार नाही, प्रयत्न केला तर मन कल्पनेने भरून काढेल. ईसीटीत, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात त्यात, उपचाराच्या आसपासच्या काही आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या आठवणी जाऊ शकतात. काही परत येतात, काही येत नाहीत. अशा जागी पान सरळ कोरं असल्याचं सांगावं आणि तिसऱ्या-चौथ्या रकान्याला बोलू द्यावं. सुझाना कॅहलन यांचं 'ब्रेन ऑन फायर' (२०१२) जवळजवळ असंच उभं आहे. रोगप्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटल्याने झालेला मेंदूदाह, सुरुवातीला मानसिक आजारासारखा दिसलेला. आजाराच्या त्या महिन्याचं त्यांना फारसं आठवत नव्हतं. व्यवसायाने पत्रकार असल्याने त्यांनी स्वतःचीच बातमी काढावी तसं केलं: रुग्णालयातलं चित्रीकरण, नोंदी, वडिलांची रोजनिशी, मुलाखती.

---

साधी_वही

उत्तम धागा. एक अडतंय. भ्रम (डिल्युजन) लिहिताना 'मला असं वाटू लागलं की' म्हणायचं की तो खराच असल्यासारखा लिहायचा? पहिल्यात धार जाते. दुसऱ्यात वाचक गोंधळतो, आणि कोणी म्हणेल की आजाराला खतपाणी घालताय.

---

अनवट

@साधी_वही, तीन प्रकारे लिहून बघा, फरक लगेच दिसेल.

एक: 'या काळात मला श्राव्य भास होऊ लागले.' हे डॉक्टरांचं वाक्य आहे. बाहेरून बघणाऱ्याचं.

दोन: 'कोणीतरी माझ्याशी बोलतंय असं मला वाटायचं.' हे बऱ्या झालेल्या माणसाचं. प्रत्येक ओळीत 'वाटायचं' आलं की लेखक हात झटकत पुढे जातोय असं वाचकाला जाणवतं.

तीन: 'पंख्याच्या घरघरीत माझं नाव यायचं. पंखा बंद केला की ते भिंतीपलीकडे जायचं. दोघं होते, बाई आणि पुरुष. माझ्याशी बोलायचे नाहीत, माझ्याबद्दल बोलायचे. आता ती उठली, आता पाणी पितेय.'

तिसऱ्यात विश्वास ठेवायला कोणी सांगत नाहीये, तरी ऐकू येतं. आवाज लिहायचे तर हे प्रश्न स्वतःला विचारा: डोक्याच्या आतून की बाहेरून, किती जण, कोणत्या बाजूने, ओळखीचा की अनोळखी, तुमच्याशी की तुमच्याबद्दल, कधी वाढायचा, कशाने दबायचा. गुणगुणलं किंवा कोणाशी बोलत राहिलं की काहींचा आवाज मागे हटतो. असले बारकावे बाहेरच्या लेखकाला सुचत नाहीत.

वाचक गोंधळू नये म्हणून प्रत्येक वाक्याला पट्टी बांधू नका. प्रकरणाच्या दोन टोकांना जमीन ठेवा: सुरुवातीला तारीख आणि जागा, शेवटी कागदावरची एक ओळ किंवा दुसऱ्या माणसाचं एक वाक्य. मधे बिनधास्त आत राहा.

टोकाचं उदाहरण बघायचं तर जर्मन न्यायाधीश डॅनिअल पॉल श्रेबर यांचं १९०३ चं आत्मकथन. तो माणूस भ्रमातून बाहेर न येताच लिहितो, तेही कायदेपंडिताच्या शिस्तीने. पुढे १९११ मध्ये फ्रॉइडने लेखकाला कधीही न भेटता, नुसत्या पुस्तकावरून त्याचं विश्लेषण केलं. तुमचं पुस्तक वाचून तुमचं निदान करणारे लोक आजही भेटतील, त्याची तयारी ठेवा.

---

खलबत्ता

औषधांबद्दल लिहितो, कारण जाणकार वाचकाचा विश्वास उडतो तो इथेच.

'गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी ढग पांगले' असं नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी (एसएसआरआय) होत नाही. परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे, पूर्ण दिसायला त्याहून जास्त. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात: मळमळ, पोट बिघडणं, झोपेचं खोबरं, कधी अस्वस्थता वाढणं. म्हणजे आधी त्रास आणि गुण नंतर. गोळ्या मधेच का सोडल्या जातात याचं अर्धं उत्तर या क्रमात आहे, आणि कथनात तेच नसतं. दुसरा अर्धा भाग पुढे येतो: बरं वाटलं म्हणून सोडणं. एकदम बंद केल्यावर चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, चिडचिड. पुस्तकात हे बऱ्याचदा 'आजार उलटला' म्हणून येतं. असेल किंवा नसेल. तारखा बघा. बंद केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालं तर ते बहुधा गोळी सुटल्याचं, काही आठवड्यांनी हळूहळू आलं तर आजार परतल्याची शक्यता जास्त.

लिथियमवर (बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवणारं औषध) असणाऱ्यांनी रक्ततपासणी लिहावीच. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी न घेता जायचं. रक्तातल्या लिथियमच्या पातळीचा आकडा सर्वसाधारण ०.६ ते १.० च्या मधे हवा, १.५ च्या वर गेला की विषबाधेची भीती. उलट्या-जुलाब, खूप घाम, किंवा अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तरी पातळी चढते. रोजचे त्रासही लिहा: हात थरथरणं, तहान, रात्री दोन-तीनदा उठावं लागणं. सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या आयुष्यभर ठरावीक काळाने. क्लोझापिनवर (स्किझोफ्रेनियावरचं औषध) असाल तर पांढऱ्या पेशींसाठी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. शिवाय रात्री उशी भिजेल एवढी लाळ. आजारासोबत जगणं म्हणतात ते हेच, आणि धागाकर्तीने म्हटलेली ती आठ वर्षं यानेच भरतात.

एका लक्षणाला मात्र पुस्तकांत न्याय मिळत नाही: अकॅथिझिया. हॅलोपेरिडॉलसारख्या, भास-भ्रमांवरच्या औषधांनी येतो. बसवत नाही, उभं राहवत नाही, पाय आतून ढकलतात. वॉर्डात येरझारा घालणारा माणूस बघणाऱ्याला आजाराने बेचैन वाटतो, असतो औषधाने. डोस कमी केला किंवा दुसरं औषध जोडलं की उतरू शकतो. तुमच्या केसपेपरमध्ये 'रेस्टलेस' लिहिलं असेल तर त्याच्या आधीच्या दोन दिवसांत कोणतं इंजेक्शन सुरू झालं ते तपासा.

चिठ्ठी वाचायला: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर. पुस्तकात कंपनीचं नाव टाळून औषधाचं मूळ नाव लिहा. मिलिग्रॅम शक्यतो नकोत. वाचक आपल्या डोसशी ताडून बघतात आणि स्वतःच कमी-जास्त करतात.

---

कोरडा_पाऊस

सगळं पटलं तरी खटकतंय. तक्ते, पातळ्या, चिठ्ठ्या. हे पुस्तक आहे की मेडिकल फाइल? विल्यम स्टायरन यांनी नैराश्यावर १९९० साली शंभर पानांच्या आत पुस्तक लिहिलं आणि ते आजही वाचलं जातं. त्यात कुठे आलाय तक्ता?

---

तळटीप

@कोरडा_पाऊस, तक्ता छापायचा नाहीये, तो परांचीचा बांबू. इमारत झाली की काढायचा. आणि स्टायरन यांचंच बघा: ट्रायाझोलाम या झोपेच्या गोळीने आपली अवस्था बिघडवली असा त्यांचा संशय आहे, आणि तो त्यांनी औषधाचं नाव घेऊन मांडलाय. छोटं पुस्तक आहे, पण ढोबळ नाही.

तरी तुमच्या म्हणण्यात एक खरं आहे. कागद मिळाले की लोक ते सगळे वापरतात. तीस डिस्चार्ज समऱ्या वाचायला कोणी बसत नाही. कथनाशी भांडणारा कागद ठेवा, त्याला नुसतं होकार देणारा काढून टाका.

---

शुभंकर_एक

घरच्यांची बाजू मांडतो. शुभार्थीच्या (आजारासोबत जगणाऱ्याच्या) पुस्तकात शुभंकर (त्याची काळजी घेणारं घरचं माणूस) एकतर देव असतो, नाहीतर खलनायक. दोन्हींत तो माणूस म्हणून सुटतो.

मजकूर दाखवण्याची पद्धत आधी ठरवा. पूर्ण हस्तलिखित आईच्या हातात देऊन 'कसं वाटलं सांग' म्हणू नका. तिच्याबद्दलची पानं वेगळी काढून द्या, पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि तिच्या हातात काय आहे ते स्पष्ट सांगा: तपशील चुकला असेल तर दुरुस्त होईल, तिची आठवण वेगळी असेल तर ती आपल्या शब्दांत जोडता येईल, आणि काही गोष्टी (तिचा स्वतःचा आजार, नवरा-बायकोतलं, पैशांचं) ती नको म्हणाली तर निघतील. लेखकाचं मत बदला, ही मागणी मात्र या यादीत नाही. आधी सांगितलं की नंतरचं भांडण आवरतं राहतं.

लहान मुलं 'हो' म्हणाली तरी तो होकार धरू नका. पंधरा वर्षांनी त्यांच्या वर्गमित्राने हे वाचलं तर काय, एवढा विचार करून लिहा.

वॉर्डातल्या इतर रुग्णांचं तर अजूनच नाजूक. त्यांनी कुठेही संमती दिलेली नाही. नाव बदलून भागत नाही. वय, व्यवसाय, गाव, भावंडं, भरती होण्याचं कारण यांपैकी निदान तीन गोष्टी बदला, किंवा दोघा-तिघांचं एक पात्र करा आणि तसं प्रस्तावनेत एका वाक्यात सांगा. प्रस्तावनेत सांगितलं नाही आणि नंतर उघड झालं तर वाचक अख्ख्या पुस्तकावर शंका घेतो.

---

मंद्रसप्तक

वरच्याला जोडून डॉक्टर आणि थेरपिस्ट. ते गोपनीयतेने बांधलेले असतात, तुमच्या पुस्तकाला जाहीर उत्तर देऊ शकत नाहीत. तक्रार जरूर लिहा, पण समोरच्याला बोलता येत नाही हे लक्षात ठेवून: काय बोलले, काय दिलं, काय विचारलं नाही. त्यांच्या हेतूंबद्दल अंदाज नकोत.

निदान बदललं असेल तर तेही प्रामाणिकपणे. बायपोलरला आधी नैराश्य म्हटलं जाणं अगदी नेहमीचं, कारण माणूस डॉक्टरकडे जातो तो खाली असताना. हायपोमेनियाचे (सौम्य मेनियाचे) दिवस त्याला आजार वाटतच नाहीत, उलट छान वाटतात. ते कोणी विचारले नाहीत की निसटतात. जुन्या फाइलीतलं लेबल आजच्या अर्थाने वाचू नका. १९८० मध्ये डीएसएमची (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) तिसरी आवृत्ती आली तेव्हा निकषच बदलले, त्याआधी अमेरिकेत स्किझोफ्रेनिया हे निदान बरंच सैल हाताने दिलं जाई.

आता सगळ्यात जपायचा भाग. आत्महत्येचा प्रयत्न लिहायचा असेल तर साधन, मात्रा, जागा, तयारी यातलं काहीही नको. चिठ्ठीचा मजकूर नको. 'मग सगळं शांत झालं' असली वाक्यंही नकोत, ती सुटकेसारखी वाटतात. तपशीलवार वर्णनांनंतर अनुकरण वाढतं हे १९७४ पासून अभ्यासांत दिसत आलंय, त्याला वेर्थर परिणाम म्हणतात. उलट, त्या घडीतून माणूस कसा पार पडला हे लिहिलं तर वाचणाऱ्याला आधार मिळू शकतो. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी त्याला पापागेनो परिणाम असं नाव दिलं. म्हणून जागा द्यायची ती पुढच्या तासांना: कोणाला फोन लागला, कोण येऊन बसलं, काय बोललं, ती लाट किती वेळाने ओसरली. खाण्याच्या आजारांत हाच नियम आकड्यांना. वजन, कॅलरी, उपासाचे दिवस, काही नाही. आजारी वाचक त्या आकड्यांशी स्पर्धा लावतो.

---

साधी_वही

आणि लिहिता लिहिता लिहिणाऱ्यालाच त्रास झाला तर? 'लिहून मोकळं व्हा' असं सगळे म्हणतात.

---

अनवट

ते पुरतं खरं नाही. पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ चा प्रसिद्ध प्रयोग सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिण्याचा होता. त्यात फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, लिहून उठल्याबरोबर मात्र लोक जास्त खिन्न होते. आणि ते निरोगी विद्यार्थी होते, छापण्यासाठी लिहीत नव्हते. दोन वर्षं रोज तेच उकरत पुस्तक लिहिणं ही वेगळी गोष्ट.

व्यवहारात: एका बैठकीला ४५ मिनिटं, गजर लावून. अवघड प्रकरण आठवड्यातून दोनदाच, बाकी दिवस साध्या जागा किंवा तक्ता. उठल्यावर लगेच करायचं एक ठरलेलं काम, हातांचं असलेलं बरं. बायपोलर असेल तर रात्री लिहायचं नाही, हे दगडावरची रेघ. जागरण हेच मेनियाचं इंधन. आणि तीन दिवसांत साठ पानं झाली, झोप चार तासांवर आली, तरी थकवा नाही, प्रत्येक वाक्य अफलातून वाटतंय असं झालं, तर ती प्रतिभा आहे की हायपोमेनिया ते डॉक्टरांना विचारा. कोणत्या खुणा दिसल्या की वही बंद, ते बरं असताना कागदावर लिहून घरच्या एका माणसाकडे द्या. वही काढून घ्यायचा अधिकार त्याचा. मरणाचे विचार येऊ लागले तर लिखाण बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन.

---

कोरडा_पाऊस

माझा आक्षेप मागे. शेवट कुठे करायचा ते सांगा. 'आणि आज मी पूर्ण बरा आहे' यावर संपवलं की पुढच्या वर्षी रिलॅप्स झाला तर पंचाईत.

---

तळटीप

म्हणूनच तिथे संपवायचं नाही. आजार चालू आहे, पुस्तक थांबतंय, एवढंच. गोळ्या चालू असलेला एखादा साधा महिना शेवटी घ्या: पुढची रक्ततपासणी ठरलेली, कामावर अर्धवेळ, झोपेची वेळ पाळणं. छापायच्या आधी मसुदा सहा महिने बाजूला ठेवून पुन्हा वाचा. भरात असताना घातलेल्या गोष्टी तेव्हाच दिसतात. टोपणनावाचा निर्णयही तेव्हाच. नोकरी आणि विमा यांचा विचार करून घ्या, छापलेलं नाव परत घेता येत नाही.

---

खलबत्ता

एक राहिलं. औषधांची बिलं आणि एटीएमच्या पावत्या थर्मल कागदावर असतात, वर्ष-दोन वर्षांत अक्षरं उडतात. उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्या तर त्याआधीच. आजच फोटो काढा, फाइलला तारखेचं नाव द्या, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतील. उडालेल्या बिलासाठी ज्या दुकानातून औषध घेतलं तिथे विचारा. संगणकावर जुनी नोंद असू शकते, आणि तिच्यात डॉक्टरांचं नाव, गोळ्यांची संख्या दोन्ही मिळतं. गोळ्यांच्या संख्येला एका दिवसाच्या गोळ्यांनी भागलं की पुढचं बिल कधी यायला हवं होतं ते कळतं. तिथे मोठी फट दिसली तर गोळ्या कधी सुटल्या त्याची तारीख मिळाली.